लच्चूबाई खाटेवरून उतरली

दिवाळी अंकवाल्या ताईंनी फोन केला, म्हणाल्या, नोकरीतले थरारक प्रसंग लिहून द्या. मी म्हटलं, बाई, आमच्या कामात थरार कुठला? नुसतं बसणं होतं. त्या म्हणाल्या, मग बसण्याचंच लिहा. म्हणून बसले. बसले म्हणजे काय, लातूरच्या या घरात मला एका जागी बसवतच नाही. दोन ओळी झाल्या की उठते, फाटकाची कडी लागली का बघून येते, रस्त्यावर कोण उभं आहे ते बघते. सून म्हणते, आई, आता कोण येणार हाय? कोणी येणार नाही हे मलाही कळतं. तरी बघते. इतकी वर्षं तेच केलं, आता पायांना कोण समजावणार.

मी पोलिसात होते, नांदेड जिल्ह्यात. महिला शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन घरी आले. महिला पोलीस म्हटलं की लोकांना मोर्च्यातल्या बायकांना ओढून गाडीत घालणारी आठवते, नाहीतर जत्रेत हरवलेली लेकरं सांभाळणारी. तेही केलं. पण बरीच वर्षं माझं खरं काम निराळं होतं. जंगलातून पळून आलेल्या माणसांजवळ बसायचं, त्यांच्याशी बोलायचं आणि ती खरी की खोटी ते साहेबांना सांगायचं.

आमच्या किनवटकडं दाट जंगल आहे. तेव्हा तेलंगण वेगळं झालेलं नव्हतं, पलीकडं आंध्रच होता. बंदूकवाल्यांचं दलम, म्हणजे नक्षल्यांची टोळी, दोन्हीकडं फिरायचं. त्यांचं आणि पोलिसांचं युद्धच होतं. कोणी जाहीर केलं नव्हतं एवढंच, बाकी माणसं दोन्ही बाजूंची मरत होती. त्यातला एखादा बंदूक टाकून आमच्याकडं यायचा. कागदावर त्याला आत्मसमर्पण म्हणत. आम्ही आपसात म्हणायचो, पाहुणा आला. पाहुणा आला की पहिला सवाल एकच: हा खरंच पळून आलाय, का पाठवलाय? कारण पाठवलेला असला तर तो आमची ठाणी, आमच्या गाड्या, आमची माणसं बघून परत जाणार, आणि मग कोणत्या तरी वळणावर आमची जीप उडणार.

या कामाला मला का घेतलं? माझं माहेर देगलूरचं. आमच्या बौद्धवाड्यात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात कानडी, आणि वडील मोंढ्यात हमाली करायचे तिथं दखनी. भाषा अशी एकही शिकले नाही, सगळं कानावर पडूनच आलं. पाहुणे बहुतेक तेलुगू आणि गोंडी बोलणारे. गोंडी मी पुढं त्यांच्याजवळ बसून बसून उचलली, जेवणाखाण्यापुरती, भांडणापुरती. बायका तर मला सरळ अक्का म्हणायच्या.

लोकांना वाटतं, चौकशी म्हणजे पट्टा. मारलं की माणूस बोलतो हे खरं, पण खरंच बोलतो असं नाही, हे आमच्या पांचाळ साहेबांना पटलेलं होतं. सगळ्याच साहेबांना पटलेलं नव्हतं, ते जाऊ द्या. आमची रीत साधी होती. आधी पोटभर जेवू घालायचं, झोपू द्यायचं. मग बैलाचं, तापाचं, सासूचं बोलायचं आणि त्यातच मधूनमधून कामाचं विचारायचं. आज विचारलेलं परवा दुसऱ्या बाजूनं विचारायचं. खरा माणूस मागंपुढं करतो, चुकतो, थांब थांब, तसं न्हाई असं झालं म्हणतो. पढवलेला रोज तेच सांगतो, शब्दाला शब्द. शेवटी आधी आलेल्या पाहुण्यासमोर नव्याला उभं करायचं, ओळखतो का विचारायचं. बस्स, एवढंच शास्त्र.

नमुनेही यायचे. उमरीकडचा एक गडी आला, मी दलमचा मोठा माणूस म्हणाला. छातीवर हात मारून सांगू लागला की इतक्या चकमकी केल्या अन् तितके डोंगर चढलो. जेवायला वाढलं तर लोणचं मागितलं, दही मागितलं, अन् भात मऊ झालाय म्हणून कुरकुरला. खरी जंगलातली माणसं ताटाकडं बघतसुद्धा नाहीत, दाराकडं बघत बघत खातात आणि आपण घास मोडेपर्यंत त्यांचं संपलेलं असतं. दुपारी हा असा घोरत पडला की पहारेकरी हसायला लागले. बायकोशी भांडून निघाला होता, सरकार नोकरी देतं असं कुठं तरी ऐकलं होतं. साहेबांनी बायकोला बोलावून घेतलं आणि पुढची चौकशी तिच्यावरच सोपवली.

दुसऱ्या एकाचं मात्र अजून मनाला लागतं. वयस्क माणूस होता. दिवसभर फाटकाकडं तोंड करून बसायचा, गाडी गेली की ओठ हलवायचा. आमच्यातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की हा गाड्या मोजून राहिला. त्याला फाटक दिसणार नाही अशा खोलीत ठेवलं. तिथं तो खायचाच बंद झाला. किती दिवसांनी माझ्याशी बोलला. त्याला एस.टी. बघायची होती. जन्मात बसला नव्हता, लांबून टेकडीवरून बघितली होती, आणि आता इतक्या जवळून जाते तर बघत होता. खरं असेल, खोटंही असेल. त्याला पुढं दुसरीकडं पाठवलं, मला कळलंच नाही काय झालं त्याचं.

आता लच्चूबाईचं सांगते. खरं तर तिचंच सांगायचं होतं, बाकीचं उगीच लांबण लावलं.

लच्चूबाई किनवटपलीकडच्या एका गोंड पाड्यातली सून. नवरा दलममध्ये गेला, मागोमाग ही गेली, तान्ही पोरगी सासूजवळ टाकून. चार पावसाळे जंगलात काढले. नवरा तापानं मेला तसं हिचं मन उडालं आणि एक दिवस बंदूक खांद्याला अडकवून ही थेट आमच्या चौकीत येऊन उभी राहिली. नांदेडला पोलिसांच्या आवारातल्या जुन्या क्वार्टरात तिला ठेवलं आणि सोबतीला मी. तिच्या बोलण्यात मागंपुढं व्हायचं, चुका व्हायच्या, म्हणून माझा विश्वास बसला. आणि मला ती आवडायची, हेही सांगते. मोठमोठ्यानं हसायची. म्हणायची, अक्का, आमच्या तिकडं हे सासरे-भासरे काही न्हाई, सगळे सारखे. बाई पुढं, गडी मागं. मी नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायचे. मग मला चिडवायची, तू घे की तुझ्या नवऱ्याचं नाव. मी काही घ्यायची नाही, आणि ती खो खो हसायची.

तिला एकच काळजी होती. पोरगी मैनी. दलमवाले तिच्यावर राग काढतील. आम्हाला रोज म्हणायची, माझी पोर आणा. साहेब म्हणायचे, आणू, पण घाईनं गेलो तर त्यांना सुगावा लागेल. असं चाललं होतं.

अशात आणखी एक पाहुणा आला. चाळिशीचा, काटक, मान खाली घालून बोलणारा. नाव सोमा सांगितलं. दुसऱ्या दलमचा म्हणाला, आईबाप मेले, मागंपुढं कोणी नाही. जंगलातली प्रत्येक पायवाट त्याला ठाऊक होती. एका नाल्याजवळ दलमनं बंदुका पुरून ठेवल्यात, चला, दाखवतो म्हणाला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची पार्टी न्यायचं ठरवलं. आमचीच पोरं जाणार होती, रोज माझ्या हातचा चहा पिणारी. फक्त ओळख तेवढी राहिली होती.

लच्चूबाई अंगणात खाटेवर मांडी घालून शेंगा फोडत होती. साहेबांची फिरकी घेत होती, की साहेब, तुम्ही दलममध्ये आलते तर पहिल्याच टेकडीला बसले असते. साहेबही हसत होते. तेवढ्यात शिपायानं सोमाला आणलं. लच्चूबाई खाटेवरून उतरली. डोक्यावरून पदर घेतला आणि खाली जमिनीवर भिंतीकडं तोंड करून बसली. साहेबांनी विचारलं, ओळखते का याला? तिनं न बघताच न्हाई म्हटलं. त्याला विचारलं तर तो लिंबाच्या झाडाकडं बघत न्हाई म्हणाला. एक जण म्हणाला, लाजली. साहेब म्हणाले, लाजते कसली, घाबरली, जंगलातला माणूस बघून जुनं आठवलं असेल. मलाही तेच वाटलं. सोमाला घेऊन गेले.

पण मला काही तरी टोचत राहिलं. वांगी चिरायला बसले, उठले. पाणी प्यायले, परत बसले. गड्यांच्या बरोबरीनं बंदूक घेऊन फिरलेली बाई, हिला कोणा गड्याची लाज? आणि घाबरलेलं माणूस दाराकडं बघतं, भिंतीकडं तोंड करून पाठ देत नाही. मग एकदम माझं मलाच आठवलं. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, देवमाणूस, शाळामास्तर. आम्ही पंचशील म्हणणारी माणसं, हे असलं काही मानायचं नाही म्हणतो. तरी भासरे घरात आले की मी खुर्चीवरून उठतेच. एकदा ड्यूटीवरून आले होते, अंगात वर्दी, डोक्यावर टोपी, आणि समोर भासरे. माझा हात आपोआप खांद्यावर पदर शोधायला गेला. जाऊबाई हसून हसून लोळल्या.

लच्चूबाईनं तेच केलं होतं. तिच्या तोंडानं न्हाई म्हटलं, आणि अंगानं हो. तो माणूस तिचा भासरा होता, आणि दोघंही खोटं बोलत होते.

खरं सांगते, आधी रागच आला, की एवढं जीव लावून बसले हिच्याजवळ आणि ही मला फसवते. तशीच उठले आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, लच्चू, तो तुझा भासरा हाय. ती शेंगांची टरफलं गोळा करत राहिली. मग तिचे हात थांबले.

हळूहळू तिनं सांगितलं. तो जंगलात राहिलेला माणूसच नव्हता. शेती करायचा, दलमला भाकरी पोचवायचा, म्हणून वाटा ठाऊक. मैनीला त्यानंच वाढवलं होतं, खांद्यावर घेऊन नांगर हाकायचा. असा माणूस आपण होऊन खोटं नाव सांगत इथं येणार नाही. त्याला पाठवलाय, आणि पाठवलाय म्हणजे पोरीवर नजर ठेवून कोणी तरी बसलंय. म्हणाली, मी ओळख दिली तर तो धरला जाईल आणि तिकडं पोरीला मारतील, म्हणून मी न्हाई म्हटलं. तुझ्या पाया पडते अक्का, साहेबाला सांगू नको.

मी म्हटलं, "सकाळी आमची पोरं त्याच्यामागं जाणार हायत, लच्चू. त्यांनाबी लेकरं हायत."

ती म्हणाली, "मग आधी माझं आणा."

मी साहेबांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला, म्हणाले, अहो, माझ्या आईला सगळा जन्म असंच करताना बघितलं मी. मग म्हणाले, आधी लेकरू. सोमाला काही कळू द्यायचं नाही. पार्टी पुढं ढकलली, मंत्र्याच्या बंदोबस्ताचं कारण सांगितलं. सोमा त्या दिवसापासून येरझाऱ्या घालायला लागला. रोज विचारायचा, कधी जायचं, कधी जायचं. आम्ही म्हणायचो, उद्या. त्या मधल्या दिवसांत आवारात कोणाच्याच जिवाला चैन नव्हतं. लच्चूबाई तर खोलीतून बाहेर यायची बंद झाली.

तिची सासू किनवटच्या आठवडी बाजारात चारोळी विकायला यायची, आणि पोरीला घरी कोणाजवळ ठेवायची नाही. मी साधं लुगडं नेसले, हातात टोपली घेतली आणि बाजारात गेले. जीप लांब, एका शाळेमागं. म्हातारी सापडली. शेजारी पोरगी, केस पिंजारलेले, नाकात लहानशी चमकी, चारोळीशी खेळत होती. मी भाव करत बसले. समोर मिठाच्या दुकानाशी एक माणूस उगीच उभा होता. त्याचं आमच्याकडं लक्ष आहे का नाही, काही केल्या कळेना.

मी हळूच म्हटलं, लच्चूनं पोर मागितलंय. म्हातारीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चारोळी मापत म्हणाली, थोरल्याला इचारल्याबिगर पोर देणार न्हाई. थोरला म्हणजे तिचा मोठा लेक, आमचा सोमा. मी म्हटलं, थोरल्यानंच पाठवलंय मला. खोटं होतं. पण दुसरं काय बोलणार होते? म्हातारीनं माप खाली ठेवलं. मग पोरीच्या कानात काही बोलली, तिचे केस हातानं सारखे केले आणि तिचा हात माझ्या हातात दिला. तूही चल म्हटलं तर नाही म्हणाली, इथून सरळ आंध्रातल्या लेकीकडं जाते म्हणाली. टोपली उचलून ती गर्दीत गेली. मिठाच्या दुकानाशी आता कोणी नव्हतं. मी पोरीला कडेवर घेऊन शाळेकडं कशी पोचले ते मला सांगता येणार नाही.

जीपमध्ये पोरगी रडली नाही. मधूनमधून विचारायची, थोरले कुठं हायत? आजीनं कानात तेच सांगितलं होतं, थोरल्याकडं चाललीस. मी म्हणायची, हायत, हायत. नांदेड येईपर्यंत तेच.

पुढचं सरकारी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्याची आडकाठी नको. त्या नाल्याजवळ बंदुका बिंदुका काही नव्हत्या, आमच्या पोरांसाठी सुरुंग होते. ते सुरुंग वेळेत काढले गेले. सोमावर खटला झाला, शिक्षा झाली. लच्चूबाईला सरकारनं लांब दुसऱ्या गावी घर दिलं. माझ्या नावाची शाबासकी कुठं तरी नोंदली गेली, आणि मला तिचा अभिमान आहे, नाही कशाला म्हणू. पण मला सांगायचं आहे ते फक्त त्या अंगणातलं.

आमची जीप आत आली तेव्हा साहेब सोमाला लिंबाखाली बसवून विचारत होते. लेकरूबाळ? न्हाई. भाऊ? न्हाई. मला कोणीबी न्हाई साहेब, तो म्हणत होता. लच्चूबाई ओसरीच्या पायरीवर उभी होती. तिनं पोरीला बघितलं आणि तिचे दोन्ही हात पुढं झाले. मी पोरीला खाली उतरवलं, बोट दाखवलं, ती बघ तुझी आई. पोरीनं तिकडं बघितलं. ओळख लागली नाही तिला, कशी लागणार, तान्ही सोडली होती. मग तिला लिंबाखालचा माणूस दिसला आणि ती धावत सुटली. ओसरीवरून सरळ पुढं गेली, आईच्या अंगावरून. सोमाच्या तोंडात अजून न्हाई होतं, पण त्याचे हात पसरले गेले. पोरगी त्याच्या गळ्यात पडली. त्यानं तिला असं छातीशी धरलं की साहेबांनी पुढं काही विचारलंच नाही.

आपल्याला जे हवं होतं तेच झालं, तरी मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

थोड्या वेळानं सोमा उठला. पोरीला घेऊन दोन पावलं ओसरीकडं आला आणि थांबला. लच्चूबाईनं पदर घेऊन पाठ केली होती. तो तिच्याजवळ जाऊ शकत नव्हता, ती त्याच्याकडं वळू शकत नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले आणि त्याच्या गळ्यातून पोरीचे हात सोडवले. ती किंचाळली, माझ्या मनगटाला कडकडून चावली. तशीच नेऊन तिच्या आईच्या कडेवर दिली.

मग तो बोलला. दोघांची भाषा एकच, आवाज दोघांनाही ऐकू येत होता, तरी तो माझ्याकडं बघून बोलत होता. सांगा तिला, पावसाळ्यात हिचा कान फुटतो, तेल कोमट करून घाला म्हणावं. मी तिच्या पाठीला सांगितलं. ती म्हणाली, घालीन म्हणावं. मी त्याला सांगितलं. सांगा, हिला भात नको असतो, जवारीची भाकर दुधात कुस्करून द्या. सांगितलं. देईन म्हणावं. तेही सांगितलं. एवढी वर्षं दुभाष्याचं काम केलं, असं कधी केलं नव्हतं.

मग लच्चूबाई भिंतीकडं बघत म्हणाली, "इचारा त्यांना, मला मारायला आलते का?"

मी विचारलं. सोमा जमिनीकडं बघत बोलला.

"सांगा, तिला कुठं ठेवलंय ती जागा बघायला आलतो. पुढं काय होईल ते ठावं होतं मला." मग म्हणाला, "पोरगी जगावी म्हून आलो म्हणावं."

मी सांगितलं. पोरगी तिच्या खांद्यावरून हात पसरून त्याच्यासाठी रडत होती. लच्चूबाई तिला घट्ट धरून उभी होती.

"सांगा," ती म्हणाली, "मी त्यांच्या जागी असते तर मीबी आले असते."

त्यानं ते ऐकलेलंच होतं. तरी मी सांगेपर्यंत तो थांबला. सांगितल्यावर त्यानं मान हलवली आणि शिपायापुढं हात केले.